सतरा नंबरवरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि इतकी वर्षं झाली तरी माझं हबकणं काही थांबलेलं नाही. मुलुंडच्या मोठ्या क्रीडागृहात, गोलच्या बरोबर मागच्या गॅलरीत, वरून दुसऱ्या रांगेत मला बसवलेलं आहे. माझा नंबर सतरा. रंग एकेकाळी भडक नारिंगी होता, आता दूध जास्त झालेल्या गाजर हलव्यासारखा झाला आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसला आलाय धक्का? माणूस बसतो, माणूस उठतो, विषय संपला. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

भिवंडीजवळच्या एका कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात दाबून मला काढलं. माझ्याबरोबरच्या काही खुर्च्या लग्नाच्या हॉलमध्ये गेल्या, काही दवाखान्यात. माझी आपली साधी इच्छा होती की दवाखाना मिळावा. माणसं येतील, खोकतील, नंबर लागला की आत जातील. पण टेम्पोतून मला या क्रीडागृहात उतरवलं आणि मी गारच पडले. एवढं छप्पर, एवढे दिवे, आणि माझ्यासारख्या खुर्च्यांची ही रांगच्या रांग. मग कुणीतरी ड्रिल आणलं, माझ्या पायांतून बोल्ट मारले आणि मी कायमची मुलुंडकर झाले.

इथे आत, लाकडी फरशीवर हॉकी खेळतात. मैदान लहान असतं आणि कडेला लाकडी फळ्या लावलेल्या असतात. पहिल्या मॅचला चेंडू त्या फळीवर असा काही आदळला की मला वाटलं, छप्परच कोसळलं. हॉकीला माणसं मोजकीच येतात. बहुतेक खेळाडूंचे आईबाप, नाहीतर जुने खेळाडू. पण ही माणसं बसत नाहीत हो. चेंडू गोलकडे आला की उठतात, गेला की टेकतात, पुन्हा उठतात. ज्या कामासाठी मला जन्माला घातलं, तेच काम कुणी माझ्याकडून करून घेईना.

आणि गाण्याचे कार्यक्रम? त्यांचं तर नावच काढू नका. पहिल्यांदा कार्यक्रम ठरला तेव्हा मी खूश होते. म्हटलं, गाणं म्हणजे माणसं शांत बसणार, डोळे मिटणार. गायक आला, दिवे फिरायला लागले आणि एक चांगली शिकलेली, नीटनेटकी मुलगी उंच टाचांच्या बुटांसह माझ्या अंगावर चढली. चढली आणि नाचली. माझ्या पाठीत कड्‌ असा आवाज झाला, तो त्या गोंगाटात मलाच काय तो ऐकू आला. दुसऱ्या दिवशी भाऊ झाडायला आला. भाऊ म्हणजे इथली देखभाल करणारा म्हातारा, मूळचा मालवणकडचा. त्यानं माझी चीर बघितली, तांब्याच्या तारेनं टाके घातले नि म्हणाला, "काय माणसा ही. बसाक दिलेली वस्तू, तिच्यार उभी रवतत." तेव्हापासून भाऊ मला आपला वाटतो.

पण मी तुम्हाला सांगणार आहे ते वेगळंच. ते आठवलं की आजही माझे बोल्ट ढिले होतात.

नंदाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांची मुलगी शीतल शाळेत होती. शीतल गोलकीपर. नंदाताई अठरा नंबरवर बसायच्या आणि बसण्याआधी पिशवीतून एक रुमाल काढून माझ्यावर टाकायच्या. पांढरा, निळ्या काठाचा, पुरुषांचा मोठा रुमाल. प्रत्येक वेळी इस्त्री केलेला. मुंबईत रुमालाची काय ताकद आहे हे तुम्हाला माहीत आहे. पोलीस हटवता येईल, रुमाल हटवता येत नाही. गॅलरी कधी भरली तरी माझ्याजवळ येऊन लोक रुमाल बघायचे आणि निमूट पुढे जायचे.

रुमाल होता शीतलच्या वडिलांसाठी. शिवदास त्यांचं नाव, लिफ्ट दुरुस्त करायचं काम. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या टॉवरांत हा माणूस दिवसभर वरखाली करायचा. एकदा सरावाच्या वेळी शीतल हेल्मेट न घालता गोलमध्ये उभी राहिली आणि चेंडू हनुवटीवर बसला. टाके पडले. शिवदास घरी भडकले. "माझी पोरगी आहे ती, भिंत नाही," असं म्हणाले. "तुम्हाला काय करायचं ते करा. मी त्या हॉलमध्ये पाय ठेवणार नाही." हे सगळं नंदाताईंनी शेजारी बसलेल्या एका खेळाडूच्या आईला सांगितलं, माझ्यासमोरच. आणि वर म्हणाल्या, "येतील बघा. रागातलं बोलणं ते, कधीतरी येतीलच. आल्यावर जागा नको का?"

शीतलला दुसरं काही नको होतं. कप नको, कौतुक नको. पप्पांनी एकदा या खुर्चीत बसून आपला खेळ बघावा, एवढंच. मॅच सुरू व्हायच्या आधी ती हेल्मेट घालायची, वळायची आणि जाळीतून थेट माझ्याकडे बघायची. तिला माझ्यावर रुमाल दिसायचा. मग ती मैदानाकडे तोंड करायची. त्या नजरेनं मला इतकं अपराध्यासारखं व्हायचं, जसं काही मीच माणसाला बसू देत नाहीये.

आता ऐका. एका मॅचला खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. नंदाताई नेहमीप्रमाणे पिशवी अठरावर ठेवून पुढे कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात वरच्या दारातून एक माणूस आला. हाताला ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी. तो पायऱ्या उतरला, माझ्या रांगेत शिरला, पिशवी ओळखली, माझ्याकडे बघितलं आणि थबकला. मग आला तसा उलटा वर गेला आणि खांबाशी उभा राहिला.

भाऊ तिथेच होता. म्हणाला, "कोणाकडचे तुम्ही?"

"ती गोलात उभी आहे ना, तिचा बाप."

"अरे वा. मग बसा मरे खाली, जागा आसा."

"रुमाल आहे तिथे," शिवदास म्हणाले. "कुणीतरी यायचं असेल."

भाऊनंही मान डोलावली. रुमाल म्हणजे रुमाल. "तुमच्या घरच्यांका बोलवू?"

"नको, नको. मी येणार नाही म्हणून सांगितलंय. आलो होतो हे बोलू नका, तुम्हाला शपथ आहे. असाच बघतो जरा."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? माणूस दोन पायऱ्यांवर उभा. त्याची जागा माझ्या मांडीवर. त्याच्याच नावाचा रुमाल त्याला अडवतोय. आणि मला तोंड नाही. मी जिवाच्या आकांतानं करकरले. नंदाताईंनी मागे वळून बघितलं, खुर्ची मोडायला आली असं म्हणाल्या आणि पुन्हा खेळ बघायला लागल्या. खांबाआड शिवदास उभे होते. चेंडू शीतलकडे आला की ते डोळे गच्च मिटायचे, फळीचा आवाज झाला की उघडायचे. मॅच संपायच्या आत निघून गेले.

असं एकदा झालं असतं तर मी गप्प बसले असते. हा माणूस पुन्हा पुन्हा आला. कामातून अर्धा तास काढून यायचा, वरून रुमाल बघायचा आणि खांब धरायचा. एकदा भाऊला म्हणाला, "ज्याच्यासाठी जागा धरतात तो काही येत नाही वाटतं." भाऊ म्हणाला, "हल्ली लोकांचा काय खरा नाय." दोघंही हळहळले. मी सुन्न होऊन ऐकत होते. दोन शहाणीसुरती माणसं, आणि पुढे होऊन रुमाल उचलावा हे एकाच्याही डोक्यात येऊ नये. आणि खाली शीतल हेल्मेटमधून माझ्याकडे बघून मान वळवत होती.

ती कॉलेजात गेली. मग एक उपांत्य सामना हरली. घामाघूम होऊन वर आली, अठरा नंबरवर बसली आणि पॅड सोडता सोडता म्हणाली, "मम्मी, रविवारची तिसऱ्या नंबरची मॅच झाली ना, की किट क्लबला देऊन टाकते."

"का गं?"

"बस झालं. पप्पांना लाज वाटते माझी. तू तो रुमाल पण आणू नकोस यार, मुली हसतात."

 नंदाताईंनी रुमालाची घडी केली आणि पिशवीत ठेवला. माझ्या काळजात चर्र झालं. प्लास्टिकच्या खुर्चीला काळीज कुठून, असं विचारू नका. त्या दिवशी मला ते सापडलं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे भीमगीतांचा मोठा कार्यक्रम होता. जयंतीचा महिना. मोठा वाद्यवृंद, ढोलक्या, गॅलरी तुडुंब. घरात त्या हरलेल्या मॅचपासून कुणी धड बोलत नव्हतं म्हणून शिवदासनी स्वतः तिकिटं काढली होती. नंदाताईंनी एवढंच सांगितलं होतं की गोलमागची गॅलरी घ्या, ओळखीची आहे. सोळा, सतरा, अठरा. मला तर विश्वासच बसेना. मायलेकी आधी आल्या. शीतल सोळावर बसली, नंदाताई अठरावर. आणि बसता बसता, हाताला लागलेली सवय हो, त्यांनी पिशवीतून तो निळ्या काठाचा रुमाल काढला आणि माझ्यावर टाकला. तिकिटावर नंबर छापलेला असताना.

शिवदास कामावरून परस्पर आले. हातात पाण्याच्या बाटल्या. रांगेच्या टोकाशी येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उभेच राहिले. मागची माणसं ओरडायला लागली, "ओ काका, बसा ना." हे हलेनात.

"अहो, बसा की," नंदाताई म्हणाल्या.

"इथे कोण आहे?"

"इथे कोण असणार?"

"रुमाल आहे ना."

"तुमच्यासाठीच टाकलाय."

"आज टाकलास. पण हा रुमाल..." शिवदास दोन पावलं आत आले. "हा तर दर मॅचला असतो इथे."

आता शीतल ताठ झाली. "तुम्हाला काय माहीत पप्पा, दर मॅचला काय असतं ते?"

स्टेजवर ढोलकी सुरू झाली होती, सगळी गॅलरी टाळ्या वाजवत होती. शिवदासनी वरच्या खांबाकडे बोट केलं. "तिथे उभा असायचो. जागा दुसऱ्या कुणाचीतरी आहे वाटलं. मी येणार नाही सांगितल्यावर माझ्यासाठी कोण कशाला ठेवेल?"

"खोटं बोलू नका," शीतल म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"घाटकोपरच्या क्लबबरोबर तू उजवा पाय लांब टाकून चेंडू अडवलास. हेल्मेट तिरकं झालं, पण सरळ केलं नाहीस, कारण ती लाल रिबिनवाली परत मारायला येत होती. दुसराही अडवलास. तिसऱ्याला मी डोळे मिटले. लाज नाही गं वाटत. भीती वाटते."

नंदाताईंनी पदर तोंडाला लावला. "एवढी वर्षं मी मूर्खासारखी इस्त्री करत बसले," त्या म्हणाल्या, "आणि हे रुमालाला घाबरून उभे." त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही. शीतलनं रुमाल उचलला, पप्पांच्या हातात दिला आणि शिवदास माझ्यावर बसले. इतक्या वर्षांनी. लोक उभं राहून ताल धरत होते आणि माझ्या रांगेतली ती तिघं मात्र बसून होती. गाणं त्यांनी किती ऐकलं कोण जाणे.

रविवार उजाडला. ही शीतलची शेवटची मॅच की नाही, हे कार्यक्रमाच्या रात्रीनंतर तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शिवदास सगळ्यांच्या आधी आले. मी सज्ज होते, अंगातलं करकरणंसुद्धा दाबून ठेवलं होतं. आणि त्यांनी काय करावं? खिशातून रुमाल काढला, माझ्यावर टाकला आणि निघून गेले. अहो, मी हादरले. पुन्हा रुमाल? मुली मैदानात आल्या. शीतलनं हेल्मेट घातलं, वळली, माझ्याकडे बघितलं. रिकामी खुर्ची, निळ्या काठाचा रुमाल. अठरा नंबरवर नंदाताई बसलेल्या, त्याही इकडेतिकडे बघतायत. शीतलची मान तशीच वळली, नेहमीसारखी. माझी तर वाचाच बसली, असलेली नसलेली.

शिट्टी झाली. पहिल्याच मिनिटाला समोरच्या मुलीनं जीव खाऊन फटका मारला. शीतल आडवी पडली, चेंडू तिच्या पॅडवर आदळला आणि फळीबाहेर गेला. आणि गोलच्या अगदी मागून, शिट्टीबरोबर येऊन कठड्याला पोट लावून उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज आला. त्या हॉलमध्ये मी मोठमोठे गायक ऐकले आहेत, पण असा आवाज नाही.

"भिंत आहे! माझी पोरगी भिंत आहे!"

त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. शीतल उठली, मागे वळली आणि या वेळी तिला माझ्याकडे बघायची गरज पडली नाही. किट तिनं क्लबला दिलं नाही. शिवदास त्या दिवशी एकदाही माझ्यावर बसले नाहीत, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही. हॉकीला येणारी माणसं अशीच असतात.

मित्रांनो, आता आम्हाला काढून गादीच्या खुर्च्या बसवणार आहेत. भाऊनं माझ्या पाठीवर खडूनं फुली मारली आहे, मारताना माझ्या तारेवरून हातही फिरवला. मी कुठे जाईन मला ठाऊक नाही, कदाचित एखाद्या दवाखान्यात. तुमच्याकडे माझं मागणं थोडंसं आहे. नव्या खुर्च्यांवर बूट घालून चढू नका, त्यांनाही पाठ असते. आणि कुणासाठी जागा धरलीत तर त्या माणसाला ते तोंडानं सांगा. खुर्चीला सांगता येत नाही. मी खूप करकरून बघितलं.