पंचेचाळीसवर लावा

मी एक जुनी रेकॉर्ड आहे असं सांगितलं असतं तर तुम्ही लगेच हळहळला असता, मित्रांनो. पण मी जुनी नाही. मी याच वर्षी निघालेली, रिदम अँड ब्लूजच्या एका नव्याकोऱ्या गाण्याची बशीएवढी तबकडी आहे. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेते. एवढ्याशा आयुष्यात माणसांची अक्कल मी पुरती ओळखली आहे.

माझ्याबरोबर तीनशे बहिणी निघाल्या. त्यातल्या निम्म्या आज भिंतीवर काचेच्या चौकटीत बसल्या आहेत. "हात नका लावू, खराब होईल!" असं त्यांचे मालक पाहुण्यांना बजावतात. गाणं घरी आणायचं आणि ऐकायचं मात्र नाही. धन्य ती माणसं!

माझी गायिका दिवसा लाँड्रीत इस्त्री करते आणि संध्याकाळी गाते. तिचे वडील रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानातलं काम सोडून ती गाण्याच्या मागे लागली. तेव्हा ते म्हणाले, "गाणारे पैशाला पासरी मिळतात." झालं, बोलणं बंद! हट्टाला बापलेक दोघंही सारखेच. माझ्यातलं गाणं तिने त्यांच्यासाठीच रचलं होतं. ते त्यांनी एकदा ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. पण तोंडाने सांगेल तर ना!

दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन मिस्त्री एकाच रेकॉर्डवर तपासतात. त्या वेळी त्यांचं लक्ष गाण्याकडे नसतं. चाक घरघरतंय का, वेग बरोबर आहे का, एवढंच ते ऐकतात. एका दुपारी ते जेवायला गेले असताना पोरीने ती झिजलेली रेकॉर्ड उचलली आणि तिच्या जागी मला ठेवून पळाली. मिस्त्री परतले. त्यांनी माझ्यावरचं पोरीचं नाव वाचलं, नाक मुरडलं आणि नावावर पांढरी चिकटपट्टी लावून वर लिहिलं, 'तपासणी'. एवढा मोठा माणूस आणि मन केवढंसं! मला अस्सा राग आला.

तेव्हापासून मी रोज वाजत होते. खरं तर तपासणीला अर्धं मिनिट पुरतं. मिस्त्री मात्र मला शेवटपर्यंत वाजू द्यायचे, माझ्याकडे पाठ करून, हातात पेचकस नुसता धरून. पण कौतुकाचा एक शब्द? नाव नको!

मग एक दिवस एक जाणकार आपलं दुरुस्त झालेलं मशीन न्यायला आले. हे गृहस्थ वर्तमानपत्रात गाण्यांवर लिहितात. "मीच लावून बघतो, मिस्त्री," म्हणत त्यांनी माझ्यावर सुई टेकवली. वेगाचा खटका होता तेहतीसवर! माझा आवाज रेड्यासारखा निघाला. आणि जाणकारांनी डोळे मिटून मान डोलवली.

"अहाहा! काय भारदस्त गळा! जुना गवई दिसतोय. आजकालच्या पोरींना सात जन्मांत जमायचं नाही हे."

मी शरमेने अर्धी झाले. असल्यांच्या लिखाणावर लोक गाणी घेतात!

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "पंचेचाळीसवर लावा."

"अं?"

मिस्त्रींनी स्वतःच खटका ओढला आणि तिचा आवाज दुकानभर पसरला. गाणं संपलं. मग मिस्त्रींनी मला उचललं, अंगठा ओला केला आणि ती चिकटपट्टी सोलून काढली.

"ही माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "आजकालचीच."

जाणकारांनी मशीन बगलेत मारलं आणि काढता पाय घेतला. मिस्त्रींनी फोन लावला.

"दुसऱ्या कडव्यात तुझा श्वास कमी पडतो."

पलीकडून पोरीने विचारलं, "कितीदा ऐकलंत, बाबा?"

"मोजलं नाही. जेवायला ये."

मित्रांनो, माझ्यावर आता ओरखडे आहेत आणि एका जागी मी अडखळते. तरी माझी कीव करू नका. माझ्या बहिणी भिंतीवर दिसल्या तर त्यांना खाली काढा आणि वाजवा. त्याआधी खटका बघा, निदान ज्ञान पाजळायच्या आधी तरी!

चिकटपट्टीबरोबर तिच्या नावातलं पहिलं अक्षरही निघून आलं होतं. मिस्त्रींनी चष्मा लावून ते पेनने पुन्हा लिहिलं, थोडं वाकडं. काचेमागच्या माझ्या एकाही बहिणीजवळ तसं अक्षर नाही.