वर मुक्काम, खाली जेवण

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर, टेकडीवरच्या आपल्या घरातल्या दोन खोल्या इस्मेनं इंटरनेटवर भाड्यानं लावल्या. पहिलं बुकिंग आलं तेव्हा तिनं पडदेसुद्धा नवे शिवले. पाहुणे दुपारच्या बोटीनं यायचे होते. बोट येऊन गेली, उन्हं कलली, तरी कुणाचा पत्ता नाही. शेवटी तिनंच फोन लावला.

"आम्ही तर केव्हाच पोचलो! जेवतोय," पाहुणी म्हणाली.

मागून आवाज आला, "घ्या हो आणखी, लाजू नका!"

इस्मेच्या अंगाचा तिळपापड झाला. तो आवाज तिच्या नणंदेचा, ड्रुसिलाचा. नवरा गेल्यावर इस्मेनं त्याची होडी विकली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आणि फोनमधल्या नकाशानं पाहुण्यांना नेमकं टेकडीच्या पायथ्याशी, तिच्याच दारात नेऊन सोडलं होतं.

इस्मे तरातरा खाली उतरली. "वन्सं, माझी गिऱ्हाइकं पळवता होय?"

"पळवते कशाला? आपल्या पायांनी आली. तुझा नकाशा आंधळा, त्याला मी काय करू? उन्हात उभी करू?"

पाहुणे नवरा-बायको मक्याच्या पिठाचं कूकू आणि शंखातल्या मांसाचं कालवण बोटं चाटत खात होते. इस्मेचा स्वतःचा बेत डबाबंद माशांचा होता. ड्रुसिलानं तिच्यापुढेही ताट सरकवलं. "आलीच आहेस तर बस."

पाहुणे समुद्र बघायला गेल्यावर ड्रुसिला हळूच म्हणाली, "एकदा विचारायचं तरी होतंस. दादानं स्वतः बांधली होती ती होडी."

"रोज किनाऱ्यावर दिसायची, वन्सं. मला सोसवेना."

"हे तेव्हा का नाही बोललीस गं?" ड्रुसिलानं डोळे पुसले आणि तिच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

पाहुण्यांनी जाताना खोल्यांचं कौतुक लिहिलंच, पण जेवणाचं त्याहून जास्त. इस्मेनं नकाशा दुरुस्त केला आणि खाली ओळ घातली: 'जेवण आमच्या नणंदबाईंकडे.' सोबत ताट वाढणाऱ्या ड्रुसिलाचा फोटोही टाकला. नाताळापर्यंतच्या तारखा भरत आल्या.

फोटो पाहून ड्रुसिला मात्र धापा टाकत टेकडी चढून आली.

"जगभर दाखवायला हाच सापडला? डोक्याला फडकं बांधलेला?"

"जेवण बघतात वन्सं, तुम्हाला कोण बघतंय!"

"ते काही नाही. निळा झगा घालून येते. नवा फोटो काढ."