चवीपुरतं मीठ

त्याने पातेल्यातलं सूप चाखलं, काहीच लागलं नाही, आणि हात आपोआप पुन्हा मिठाच्या बरणीकडे गेला. जीभ रिकामी वाटली की हाताने मीठ टाकायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. गेल्या महिन्यातल्या तापात नाकाचा वास आणि तोंडाची चव दोन्ही गेली होती. हे डोक्याला कळलं होतं, हाताला नव्हतं. तो एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होता. मापाचे चमचे वापरणाऱ्यांनी औषधाचं दुकान टाकावं, असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. आता मापाला हात लावायचा म्हणजे स्वतःचीच शोभा करून घ्यायची.

उद्या हॉटेलचे मालक घरी जेवायला येणार होते. चव जमली तर त्याची जागा राहणार, नाहीतर तिथे दुसरा कुणीतरी उभा राहणार. आजची ही रंगीत तालीम. टेबलाशी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई बसल्या होत्या.

"छान झालंय," पाण्याचा ग्लास तोंडाला लावत बायको म्हणाली.

"अप्रतिम!" मेहुणा म्हणाला. मनःशांतीचं कसलंसं शिबिर करून आल्यापासून हा प्राणी दुसऱ्यांच्या दुःखांचा अर्थ लावत सुटला होता. "भाऊजी, हे संकट नाहीच. आयुष्य तुम्हाला काहीतरी शिकवू पाहतंय."

"काय?"

"ते आतून कळतं."

त्याला आतून एवढंच कळत होतं, की पातेलं मेहुण्याच्या डोक्यावर उपडं करावं. महिनाभर असलीच माणसं येऊन गेली होती. कुणी जीव वाचल्याचे आभार मानायला लावलं, कुणी बागकाम सुचवलं. आणि त्याच्या हातचं खाऊन सगळ्यांनी मान डोलावली, छान म्हटलं. त्या 'छान'ची त्याला किळस आली होती.

सासूबाईंनी चमचा ताटलीत टाकला.

"जावईबापू, मिठागर विकत घेतलंत का?"

"आई!" बायको ओरडली.

सासूबाईंचं आणि त्याचं कधीच पटलं नव्हतं. त्यांच्या हातचं जेवण म्हणजे शिक्षा, हे त्याचं मत. आचाऱ्याच्या गळ्यात पडून पोरीने नशीब फोडून घेतलं, हे त्यांचं. पण आता तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला.

"किती खारट?"

"घशाखाली उतरत नाही इतकं. आणि कांदा करपलाय. या दोघांचं काय, माती घातलीत तरी छान म्हणतील."

मेहुण्याने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. आचाऱ्याने पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि नवा कांदा चिरायला घेतला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याने त्याचं खापर कांद्यावर फोडलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई शेगडीजवळ खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक चमच्याला त्याचा उद्धार होत होता.

"पुचाट."

"आता?"

"आंबट कुठाय? विसरलात?"

"आता बघा."

"हं. जरा माणसांत आलं."

या बाईला धड काही शिजवता येत नव्हतं, पण कळत मात्र सगळं होतं. हे कबूल करणं त्याला फार जड गेलं. तरी तो निमूटपणे हात आवरत राहिला.

मालकांनी वाटी पुसूनपुसून खाल्ली.

"चव परत आली म्हणायची तुमची!"

"नाही," तो म्हणाला. "या सासूबाईंनी चाखलं. मला अजून काही लागत नाही."

मालकांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई काठी टेकून उभ्या होत्या. मालकांनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग पुन्हा सासूबाईंकडे. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"सोमवारपासून या," अखेर मालक म्हणाले. "दोघंही."

"रविवारी मला सुट्टी लागेल," सासूबाई म्हणाल्या. "आठवड्यातून एक दिवस तरी माणसाला चांगलंचुंगलं खायला नको का?"