मास्तरांचा फिरता घट्टा

शेवटी चिरा पडला तो ओठाच्या अगदी मधोमध. जाऊ दे, असं काही झालंच नाही. भोंगा अजून बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवतोय आणि त्याच्या वरच्या ओठाला डावीकडे एक टणक गाठ आलीये, इथून धरू.

गाठ दुखत नव्हती, नुसती खाजत होती. बँडमास्तरांनी ती बोटाने दाबली आणि त्यांचे डोळे पाणावले. "घट्टा पडला रे! आता तू खरा वाजवणारा." सगळ्या बँडने टाळ्या वाजवल्या. ढोलवाल्याला स्वतःच्या ओठांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी घट्टा उजवीकडे होता.

"मुरलेला घट्टा फिरतो," मास्तर ठामपणे म्हणाले. मास्तर म्हणाले म्हणजे विषय संपला.

घरी भोंगा आरशासमोर लांब सूर धरायचा. ओठाखाली काहीतरी सावकाश वळवळायचं, एखादा झोपेत कूस बदलतो तसं. सूर थांबला की तेही थांबायचं. जणू ऐकत असावं.

बायकोने बोट लावून पाहिलं आणि बोट साबणाने धुतलं. "अहो, घट्टे चालत नसतात. दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. "किडा आहे. दोऱ्यासारखा, कातडीखाली फिरणारा. असतो कुत्र्यांचा, डासाने चुकून तुमच्यात आणून सोडला."

"औषध द्या ना, बाई. पडून जाईल."

"हा पडणाऱ्यातला नाही. चिरा देऊन ओढून काढायचा. थांबेल तिथे लगेच, नाहीतर पुन्हा आत जाईल."

"मधोमध थांबला तर?"

"व्रण राहील. पण जेवाल, बोलाल."

"आणि वाजवीन?"

ट्रम्पेटचा सूर ओठाच्या त्या मधल्या बोटभर जागेतूनच निघतो. बाई हातमोजे घालत होत्या. ते घालायला फार वेळ लागला.

भोंगा बेसिनवरच्या आरशापाशी गेला. गाठ कोपऱ्यातून निघाली होती आणि मधल्या खळीच्या दिशेने सरकत होती, घाई न करता. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा साफ केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "महोदय, विषय: मुक्काम हलवण्याबाबत. आपण आजवर कुठेही राहिलात, आमची तक्रार नाही. तरी चिरा पडण्यापूर्वी आपण सहकुटुंब किंवा एकटे, सोयीनुसार, उजव्या कोपऱ्यात हजर राहावे आणि काम पूर्ण होईपर्यंत जागा सोडू नये, ही नम्र विनंती."