उसने देव

"मायाप्पा, खंडोबाला आडवा धरू नगंस. मान हालतीया त्येची," यल्लव्वा ओट्यावरून ओरडली.

मायाप्पाने टोपली सरळ केली. वरून टॉवेल झाकला होता, तरी आत काय आहे ते निपाणीच्या त्या साऱ्या गल्लीला ठाऊक होते. गल्लीने धम्म घेतला तेव्हा घरोघरचे देव वेदगंगेत सोडायला मायाप्पाच सगळ्यांच्या पुढे होता. एकटी यल्लव्वा बधली नव्हती. "तुमचं तुमी बुडवा, माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाली होती. तेव्हा तिला हसलेली माणसे आता देव उसने मागायला तिच्याच दारात उभी राहत होती.

मायाप्पा आला होता तो जयाच्या नोकरीसाठी. त्याची ही मुलगी मास्तरकीचे ट्रेनिंग पुरे करून घरी बसली होती. सरकारी शाळांत दलित शिक्षकही दिसावेत म्हणून कायद्याने जागा राखून ठेवल्या होत्या. खानापूरकडच्या एका शाळेतली तसली जागा तिला मिळण्यासारखी होती. फक्त दाखला 'हिंदू महार' असा हवा. हद्दीच्या अलीकडे, निपाणीत, बौद्ध झालात की सवलत संपली. अन् तिकडे कागलात मायाप्पाचा भाचा बौद्ध म्हणूनच मास्तर झालेला, कारण महाराष्ट्र सरकार बौद्धांनाही सवलत देत होते. तोच धर्म, तेच रक्त, मध्ये फक्त राज्याची हद्द. वखारीत तंबाखूची पोती उचलताना मायाप्पाचे डोके भणभणून जाई. कायदा आपल्यासाठीच केलाय म्हणतात, मग आपण म्हणजे नेमके कोण?

दाखल्याआधी तलाठी मारुतीराव घरात हिंदूंचे देव आहेत का ते बघायला येणार होते. जयाने कोनाडा पुसला. तिने जन्मात देवपूजा केली नव्हती.

"आप्पा, हळद आदी का कुंकू?"

"मला तरी कुठं ध्येनात हाय गं? दोनी लाव."

तिने खंडोबाला इतकी हळद फासली की त्याचे डोळे बुजले. मायाप्पाला हसू आले आणि लगेच स्वतःचाच राग आला.

मारुतीराव आले, खाटेवर बसले. चहा नको म्हणाले. इकडेतिकडे बघता बघता उठून कोनाड्यापाशी गेले आणि त्यांनी खंडोबाच्या मानेला एक बोट लावले. मान डुगडुगली.

"मायाप्पा, ह्यो देव तुझाच?"

"व्हय, साहेब. वाडवडलांचा."

"मंगळवारी तुमच्याच गल्लीतल्या कृष्णाताच्या घरात बी ह्यो असाच मान हालवत हुता की रं."

मायाप्पाच्या तोंडचे पाणी पळाले. मारुतीराव मात्र खदाखदा हसले. "आमच्यात माणूस देवाकडं जातो. तुमच्यात देवच दारोदार फिरतोय! बरं, मला काय, मी लिवतो. पर एकदा तुझ्या तोंडानं सांग. तुमी कोण?"

"साहेब, आमी खरं तर..." जया पुढे झाली.

"गप गं!" मायाप्पा ओरडला. मग खाली बघत म्हणाला, "म्हार, साहेब. हिंदू म्हार."

धम्म घेतल्यापासून हा शब्द त्याने स्वतःसाठी वापरला नव्हता.

तलाठी गेले. जया भिंतीला टेकून बसली. नोकरी मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण कशाचा आनंद आणि कशाची लाज, तिला उमगत नव्हते.

"आप्पा, शाळंत मी कोण म्हनून जाऊ?"

"बाई म्हनून जा," मायाप्पा म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

दिवेलागणीला तिने तलाठ्यापासून लपवलेली बुद्धाची तसबीर ट्रंकेतून काढून लावली, मेणबत्ती पेटवली. रोज मायाप्पा वंदना म्हणे आणि त्याच्या खणखणीत आवाजाने गल्लीतली पोरे दारात येऊन बसत. आजही ती आली. मायाप्पा मात्र उठून त्यांच्या मागे जाऊन बसला.

"म्हना की, आप्पा."

"आज तू म्हन."

"घसा बसलाय व्हय?"

त्याने नाही अशी मान हलवली. "ह्याच तोंडानं कसं म्हनू, पोरी?"

जयाने सुरुवात केली. ती थांबून थांबून म्हणू लागली आणि दारातली पोरे तिच्यामागून एकेक शब्द म्हणू लागली. त्यांच्या मागे मायाप्पा हात जोडून, ओठ मिटून बसला होता.