मेघाचे गुरुवार

हुडकेश्वरच्या शाळेत पालकसभा भरली होती. दहावीची मुलं एवढ्या दांड्या का मारतात, यावर चर्चा चालली होती.

"मोबाइल, दुसरं काय!" मधुसूदन नावाचे एक पालक ठासून म्हणाले. कोणी ट्यूशनला बोल लावला, कोणी संगतीला. प्रेमानंदनेही मान डोलावली. तो वायरिंगची कामं करायचा. मुलीचा, मेघाचा मोबाइल त्याने महिन्यापूर्वीच काढून घेतला होता, तरी शाळेचं बोलावणं आलंच.

वर्गशिक्षिका चारुशीला मॅडमनी गैरहजेरीचा कागद त्याच्या हाती दिला. नऊ तारखा होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरशी त्या ताडून पाहता पाहता तो उठून उभा राहिला.

"मॅडम, हे तर सगळे गुरुवार आहेत. गुरुवारी काय राहते?"

"इंग्रजीचं वाचन. एकेकाला उभं करते मी."

मेघा बोलताना अडखळायची. घरात सगळे सवयीनं थांबत. वर्गात कोण थांबणार होतं?

त्याने शेजारी बसलेल्या मेघाला हळूच विचारलं, "काहून नाही सांगितलं वं मले?"

मेघा उठली. समोर चाळीस-पन्नास माणसं होती.

"मी स-सांगते. पोरं हसतात, त्याचं एवढं नाही. पण मी शब्दापर्यंत प-पोचायच्या आधीच म-म..."

शब्द अडला. प्रेमानंदच्या ओठांवर तो आला होता, पण त्याने दात घट्ट आवळले.

"...मॅडम तो सांगून टाकतात. मंग मी कायले उभी राहू?"

मॅडमचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, बाळा. तू माझ्याजवळ एकटी वाचत जा."

"नाही. सगळ्यांसमोरच व-वाचीन. फक्त मले पूर्ण करू द्या."

एवढ्याशा पोरीची ही हिंमत! प्रेमानंद तिच्याकडे बघतच राहिला. मागून मधुसूदनांचा आवाज आला, आता बराच खाली आलेला, "आम्ही तं आमच्या पोराले कधी विचारलंच नाही गा."

गुरुवारी प्रेमानंदने धरमपेठेतलं काम लवकर आटोपलं आणि शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला.

"किती वाचलं?"

"अर्धं पान. मंग घ-घंटी झाली." मेघाने दप्तर गाडीवर ठेवलं. "बाकीचं पुढच्या गुरुवारी."

प्रेमानंदने गाडीला किक मारली.