हिरव्या ठिपक्याची साक्ष

हे अंतर्यामी, न दिसता चराचराला जोडून ठेवणाऱ्या तुला नमन. तुझ्या त्या जोडणीची कच्ची नक्कल असलेला मी बोलतोय: वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारी भिंतीला टांगलेला राउटर.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले, ज्ञानाची वाट दाखवायला चाललो आहे. आरंभी मुलांनी माझ्यामार्फत ग्रंथ धुंडाळलेही. पुढे नुसते अंगठे हलू लागले. इतके अखंड तर नामही मी कोणाच्या मुखी ऐकले नाही. मला क्षणाचा विसावा उरला नाही.

कोपऱ्यातल्या खोलीतला मुलगा दार लावून फोनपुढे बसे, म्हणून त्याचे नाव पडले ‘मुनी’.

“मुनिवर्य, जेवायला चला!” शेजारच्या खोलीतला मित्र हाक मारी.

“कंटाळा आलाय.”

“मग दिवसभर करतोस काय?”

“कंटाळाच घालवतोय रे.”

हळूहळू हाका थांबल्या. फोनवर मुनीच्या नावापुढे ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका दिसला की सारे निर्धास्त. त्याच्या आईचा फोन आला की मित्र सांगे, “काकू, काळजी नको, ऑनलाइन आहे की!” तीही तोच ठिपका पाहून समाधान मानी. तो तेवत ठेवणारा मी.

मग मुनीला ताप भरला. बंद दाराआडून कण्हणे ऐकू येई. चार्जिंगला लावलेल्या फोनवर व्हिडिओ एकामागून एक आपोआप लागत राहिले, ठिपका हिरवाच. मला वाचा नव्हती. शिणलो होतो, तापलो होतो. एका दुपारी आतून जळालो.

पटापट दारे उघडली.

“नेट कोणी खाल्लं?”

“दे त्याला एक थप्पड!”

नेहमीची थप्पड बसली. मी उठलो नाही. तेवढ्यात मित्र म्हणाला, “अरे, मुनी कुठंय? नेट गेलं की सगळ्यांत आधी तोच बोंबलतो.”

दार ठोठावले. ओ नाही. खांदे लावून कडी तोडली आणि शुद्ध हरपलेल्या मुनीला उचलून दवाखान्यात नेले.

तो परतला तो आईच्या खांद्यावर हात ठेवून. ती मित्राला एवढेच म्हणाली, “ठिपका बघत बसलो रे आपण दोघंही.”

आता मी भंगाराच्या खोक्यात पडून आहे. माझ्या जागी अधिक वेगवान राउटर आला आहे. मुनीचा कंटाळा सरलेला नाही, हातचा फोनही सुटलेला नाही. पण जेवणाच्या वेळी त्याचे दार वाजते: “ठिपका नको, तोंड दाखव!” शिव्या देत का होईना, तो दार उघडतो.

श्रोतेहो, हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. उठून दार वाजवा. ज्या ज्या घरी कोणी दाराआड एकटे आहे, तेथे प्रेमाची हाक पोहोचो, त्या हाकेला ओ मिळो. तुम्हा सर्वांचे, तुमच्या लेकराबाळांचे कल्याण होवो.